दोन तारांची अदलाबदल

लॅबमधल्या ट्यूबलाइट मुद्दाम बंद केल्या होत्या. लाकडी पाटीवर बल्बच्या तीन जोड्या होत्या. त्या तिन्ही एकदम उजळत होत्या, एकदम मंदावत होत्या, विझत होत्या आणि पुन्हा उजळत होत्या. पाटीच्या एका बाजूला बाहेरच्या ग्रिडमधून, म्हणजे वीजजाळ्यातून, येणारा थ्री फेज (तीन तारांतून ठरावीक क्रमाने येणारा) पुरवठा, दुसऱ्या बाजूला मोटरने फिरवलेला अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन, आणि मध्ये उघडा स्विच. बल्ब त्या स्विचच्या दोन टोकांमध्ये जोडलेले. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या की त्यांच्या व्होल्टेजमधला फरक शून्य होतो आणि बल्ब विझतात; त्याच क्षणी स्विच लावून त्या जोडायच्या असतात. दोन्ही बाजू अगदी उलट झाल्या की बल्बवर फेज व्होल्टेजच्या दुप्पट व्होल्टेज येतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन बल्ब एकामागे एक जोडावे लागतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त अंधारी खोली आणि श्वास घेतल्यासारखे उजळणारे सहा बल्ब दिसत होते.

स्विचच्या दांड्यावर हात ठेवून एक मुलगी उभी होती. तिच्या मागे लॅब असिस्टंट, साठीकडे झुकलेले. सगळे त्यांना काका म्हणत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "घाई करायची नाही. दोनदा उजळू दे, दोनदा विझू दे. मग तुझं तू ठरव." तिने एक फेरी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि तिसऱ्या अंधारात दांडा खाली ओढला. खट्ट असा आवाज झाला. बल्ब विझलेलेच राहिले, मशीनची घरघर किंचित बदलली आणि काका म्हणाले, "झालं. आता ती ग्रिडची झाली."

मी दारात उभी होते. त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी नव्हते. बारावी झाली होती, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता आणि कुठे जायचं ते आठ दिवसांत कळवायचं होतं.

त्या दोन विद्यापीठांची नावं इथे लिहीत नाही. एक टेकडीवर होतं आणि एक रेल्वेच्या रुळांपलीकडे, म्हणून घरात त्यांना 'टेकडीवरचं' आणि 'रुळांपलीकडचं' अशीच नावं पडली होती. टेकडीवरच्याचं नाव मोठं. तिथल्या प्राध्यापकांचे शोधनिबंध जगभर वाचले जात. रुळांपलीकडचं जुनं होतं, कारखान्यांना माणसं पुरवणारं म्हणून ओळखलं जाई, आणि त्याचं नाव सांगितल्यावर समोरच्याचे डोळे विस्फारत नसत.

आधीच्याच आठवड्यात मी टेकडीवर जाऊन आले होते. दुसऱ्या वर्षाच्या विद्युतचुंबकत्वाच्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली होती. सरांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मॅक्सवेलची चार समीकरणं लिहिली आणि चाळीस मिनिटांत, कागदाचा एक कपटाही न बघता, त्यांतून तरंगाचं समीकरण काढलं. शेवटी तरंगाच्या वेगाच्या जागी दोन स्थिरांक उरले. त्यांची किंमत घालून आकडा काढला तर तो प्रकाशाचा वेग होता. मला त्यातलं पाव कळलं असेल. पण वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरली ती मी अजून विसरलेले नाही. तास संपल्यावर मी प्रयोगशाळा बघायला गेले. काचेतून दिसल्या. आत सगळं नवं, स्वच्छ आणि रिकामं होतं. तिथल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की मशीनचे बरेचसे प्रयोग संगणकावरच सिम्युलेशनने होतात.

दोन्ही ठिकाणं बघून घरी आल्यावर मी वहीच्या पानाचे दोन भाग केले आणि दोन्हीकडे मुद्दे लिहीत गेले. फी, अंतर, होस्टेल, नोकऱ्या, नाव. सगळे करतात तसंच. दोन्ही बाजू भरल्या आणि काहीच ठरेना. कारण त्या पानावर त्या तासातली शांतता कुठे लिहायची ते मला कळत नव्हतं, आणि ते सहा बल्बही.

पुढे कधीतरी विषयाचा इतिहास वाचताना लक्षात आलं की माझ्या वहीतली ती उभी रेघ फार जुनी आहे. १८८२ साली जर्मनीत डार्मश्टाट इथे एरास्मुस किटलर यांना विद्युत अभियांत्रिकीचं जगातलं पहिलं स्वतंत्र अध्यासन मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीनेही हा विषय सुरू केला, पण भौतिकशास्त्र विभागाच्या पोटात. तिथे स्वतंत्र विभाग व्हायला १९०२ उजाडलं. म्हणजे जन्मापासूनच या विषयाला दोन घरं. एका घरात तो निसर्गाच्या नियमांचा धाकटा भाऊ, दुसऱ्या घरात तारा, डायनॅमो आणि दिव्यांचा स्वतंत्र संसार. आणि हा दुभंग आणखी मागे नेता येतो. १८३१ साली लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून फॅरेडेने प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज, शोधलं, तेव्हा त्याच्या वहीत समीकरण नव्हतं. गणित त्याला येत नव्हतं, हात आणि डोळे विलक्षण होते. त्याने जे पाहिलं ते गणितात मांडायला मॅक्सवेल यावा लागला, आणि त्याचा तो निबंध आला १८६५ मध्ये. मधे चौतीस वर्षं गेली. दोघेही तितकेच मोठे. पण कुणालाही एकाच वेळी दोघांच्या घरी शिकायला जाता येत नाही. चार वर्षांची पदवी असते आणि आठवड्याला ठरावीक तास.

अठराव्या वर्षी मी जो विचार केला तो असा: पुस्तकं कुठेही मिळतात, त्यामुळे सिद्धांत मी माझा माझा वाचीन. अल्टरनेटर मात्र मला कुणी घरी आणून देणार नाही. म्हणून रुळांपलीकडे जायचं. बाबांना हे पटलं नव्हतं, पण ते एवढंच म्हणाले, "नीट विचार केलायस ना? मग जा."

त्या विचारातलं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं चुकीचं होतं हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

रुळांपलीकडच्या त्या चार वर्षांबद्दल मी कितीही बोलू शकते. एका टेबलावर तिघंच असत. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण प्रयोगशाळेत एका टेबलामागे किती मुलं, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. तिघं असली की प्रत्येकाला तारा जोडाव्या लागतात. सहा झाली की दोघं जोडतात, एक जण आकडे वाचतो आणि बाकीचे उतरवून घेतात. आमच्याकडे उतरवून घ्यायची सोयच नव्हती. काका प्रत्येकाला वेगळ्या भारावर वाचन घ्यायला लावत.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. डीसी शंट मोटर चालू होती. फील्डच्या, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याच्या, जोडणीतली एक तार मला सैल वाटली. मी ती घट्ट करायला गेले आणि ती निघूनच आली. फील्ड गेलं की मोटरमधलं चुंबकत्व जवळजवळ नाहीसं होतं, फक्त लोखंडात उरलेलं थोडंसं शिल्लक राहतं. विरोध करणारं व्होल्टेज कोसळतं आणि मोटर वेग घेत सुटते. पुस्तकातलं हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. पण तो आवाज पुस्तकात नव्हता. घरघर एकदम चढत गेली, शिट्टीसारखी झाली, टेबल थरथरायला लागलं आणि माझ्या हातात ती तार तशीच राहिली. काकांनी चार ढांगांत येऊन मेन स्विच ओढला. सगळं शांत झाल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी मला तीच जोडणी पहिल्यापासून करायला लावली. या वेळी फील्डच्या टोकांना हात लावण्याआधी माझी मान आपोआप मेन स्विचकडे वळली. ती सवय आजही आहे.

नोकरीत याचा फार उपयोग झाला. मी संरक्षण विभागात होते, म्हणजे विजेच्या यंत्रणेच्या संरक्षणाच्या. सबस्टेशनमध्ये आणि वीजनिर्मिती केंद्रांत जाऊन रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारी उपकरणं, तपासायचे, त्यांची सेटिंग लावायची. त्यांतला एक रिले मला फार आवडायचा. पॅनेलच्या भाषेत त्याचा नंबर ४६, नेगेटिव्ह सीक्वेन्सचा. जनरेटरच्या तीन फेजमधला प्रवाह असमान झाला की तो मोजतो आणि वेळ आली की मशीन बंद पाडतो. तो तपासायची एक सोपी युक्ती आहे. टेस्टिंग किटमधून तिन्ही फेजना समान प्रवाह द्यायचा, रिले गप्प बसतो. मग दोन फेजच्या तारांची अदलाबदल करायची. प्रवाह तेवढाच, अँपिअर तेवढेच, तरी रिले लगेच जागा होतो. मी हे कितीतरी वेळा केलं. पॅनेलसमोर उकिडवं बसायचं, लाल आणि पिवळी तार काढायची, उलट लावायची, रिलेचा दिवा लागायची वाट बघायची. का, ते विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की फेजचा क्रम उलटा होतो म्हणून. त्यापुढे मला काही येत नव्हतं.

त्या पाच वर्षांत सिद्धांत वाचायचा संकल्प मी दर वर्षी केला. पुस्तकं आणली. सदिश कलनाच्या तिसऱ्या प्रकरणापुढे मी कधी गेले नाही. दिवसभर साइटवर उभं राहून आल्यावर रात्री एकटीने बसून कर्ल आणि डायव्हर्जन्सची गणितं सोडवणं मला जमलं नाही. हे लिहिताना मला ऑलिव्हर हेविसाइड आठवतो. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, तारखात्यात काम करणारा माणूस. त्याने मॅक्सवेलचा १८७३ चा ग्रंथ हातात घेतला, तो पचवायला कित्येक वर्षं दिली, आणि आज आपण जी चार समीकरणं मॅक्सवेलची म्हणून फळ्यावर लिहितो ती त्या आटोपशीर रूपात आणली. मॅक्सवेलच्या मूळ निबंधात ती वीस होती. हेविसाइडला एकट्याला जमलं. माझ्या हिशेबात मीही तशीच होते. माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा हाच समज असतो, कारण अठराव्या वर्षी पुस्तक जवळ असणं आणि पुस्तक येणं यांतलं अंतर कुणी चालून पाहिलेलं नसतं.

शेवटी पदव्युत्तर शिक्षणासाठी मी टेकडीवर गेले. सत्ताविसाव्या वर्षी.

पहिले चार महिने फार कठीण गेले. वर्गातले बहुतेक जण तिथेच पदवी घेतलेले. सर फळ्यावर एक पायरी गाळत आणि त्यांना ती दिसत असे. मला दिसत नसे. मी रात्री तीच पायरी शोधत बसायचे, पण आता एक फरक होता. सकाळी विचारायला माणूस होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी तेच गणित सोडवत होतं. गणित शिकायला सोबत लागते, निदान मला लागते, हे तिथे कळलं.

मग एका सकाळी सिमेट्रिकल कॉम्पोनंट्सचा तास झाला. १९१८ साली चार्ल्स फोर्टेस्क्यूने दाखवलं होतं की तीन फेजची कितीही वेडीवाकडी अवस्था तीन समतोल संचांची बेरीज म्हणून मांडता येते: एक सुलट क्रमाचा, एक उलट क्रमाचा, एक शून्य क्रमाचा. सरांनी त्यासाठीचं मॅट्रिक्स लिहिलं. त्यात एक चिन्ह होतं, 'ए'. त्याने गुणलं की सदिश एकशे वीस अंशांनी फिरतो, त्याच्या वर्गाने गुणलं की दोनशे चाळीस. सुलट क्रमात पहिल्या फेजला एक, दुसऱ्याला 'ए'चा वर्ग, तिसऱ्याला 'ए'. सरांनी सहज म्हणून शेवटच्या दोघांची जागा बदलली आणि म्हणाले, "बघा, दोन फेज बदलले की संपूर्ण संच नेगेटिव्ह सीक्वेन्समध्ये गेला. बाकी दोन्ही शून्य."

माझ्या हातात लाल आणि पिवळी तार आली. अक्षरशः बोटांत जाणवली. पाच वर्षं मी पॅनेलसमोर उकिडवी बसून जे करत होते ते हे होतं. उलट क्रमाचा संच म्हणजे उलट फिरणारं चुंबकीय क्षेत्र. रोटर, म्हणजे जनरेटरचा फिरणारा भाग, सुलट फिरतोय, क्षेत्र उलट फिरतंय, म्हणून रोटरला ते दुप्पट वारंवारतेने जाणवतं. त्याच्या पृष्ठभागात भोवरे प्रवाह उठतात आणि तो तापत जातो. रिले नंबर ४६ जे राखत होता ते रोटरचं अंग होतं. आणि त्याच्याही मागे, अगदी सुरुवातीला, रुळांपलीकडच्या लॅबमधले ते बल्ब. ते एकदम न उजळता एकामागोमाग एक उजळायला लागले तर काका म्हणायचे, "क्रम चुकलाय, दोन तारा बदल." तीन वेगवेगळ्या गोष्टी मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. त्या एकच होत्या. तास संपल्यावर मी बराच वेळ बाकावरच बसून राहिले.

त्याच वर्षी उलट बाजूही बघितली. आमच्या प्रकल्पात एक मुलगा होता, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, वर्गातला सगळ्यांत हुशार. करंट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे मोठा प्रवाह मोजता यावा म्हणून लहान करून देणाऱ्या उपकरणावर, काम चाललं होतं. प्रायमरीतून, म्हणजे आत येणाऱ्या बाजूच्या वेटोळ्यातून, प्रवाह चालू होता आणि सेकंडरीला, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या वेटोळ्याला, अँमीटर. मीटर बदलायचा म्हणून त्याने सेकंडरीची तार काढायला हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग पांढराफटक पडला, कारण पुढे काय होणार होतं ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सेकंडरी उघडी पडली की विरोध करणारा प्रवाह नाहीसा होतो, प्रायमरीचा सगळा प्रवाह गाभ्याचं चुंबकन करायला लागतो आणि उघड्या टोकांवर जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज येऊ शकतं. आधी ती टोकं शॉर्ट करायची, मगच मीटर काढायचा. हे सगळं त्याने परीक्षेत सिद्ध करून दाखवलं असतं. ते फक्त बोटांपर्यंत पोचलेलं नव्हतं. त्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याला चार वर्षांत कुणी उघड्या टोकांसमोर उभंच केलं नव्हतं.

म्हणून आता कुणी मला विचारलं की दोनपैकी कुठलं विद्यापीठ चांगलं, तर मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मी उलट विचारते: सिद्धांत आणि हातकाम, यातलं कुठलं तू एकट्याने शिकशील? खरंच शिकशील, रात्री दमून आल्यावरसुद्धा? मग ते सोडून दुसरं जिथे मिळतं तिथे जा.

बाकीच्या गोष्टी बिनमहत्त्वाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. फी झेपत नसेल तर तो प्रश्न तिथेच संपतो, आणि कर्जाखाली दबून शिकण्यापेक्षा झेपेल तिथे शिकणं मला शहाणपणाचं वाटतं. पदवीला मान्यता आहे का ते आधी बघावं. १९८९ च्या वॉशिंग्टन करारामुळे सदस्य देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानतात, पुढे परदेशी काम करायचं असेल तर ते उपयोगी पडतं. पण हे हो-नाहीचे प्रश्न आहेत, एका दुपारी संपतात. जागतिक क्रमवारी मात्र लोकांचे महिने खाते. तिच्यात संशोधनाला आणि त्या संशोधनाचा इतरांनी किती उल्लेख केला याला मोठं वजन असतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला मंगळवारी दुपारी लॅबमध्ये कोण भेटणार, हे त्या आकड्यातून कळत नाही.

त्यापेक्षा विभागाचं मन कुठे आहे ते शोधावं. या क्षेत्रात दोन मोठे प्रवाह पहिल्यापासून आहेत. अमेरिकेत विजेच्या इंजिनिअरांची संस्था १८८४ मध्ये निघाली, रेडिओवाल्यांनी १९१२ मध्ये आपली वेगळी काढली, आणि दोन्ही एकत्र येऊन आजची आयट्रिपलई झाली ती १९६३ मध्ये. पाटीवर एकच नाव आलं तरी विभागाविभागांत तो कल अजून टिकून आहे. कुठे सगळे तरुण प्राध्यापक चिप आणि सिग्नलवाले, आणि पॉवर सिस्टिम शिकवायला निवृत्तीला आलेले एकटे सर. कुठे बरोबर उलट. दोन्ही ठिकाणी पदवीवर 'इलेक्ट्रिकल' हेच लिहून येतं. ज्याला ग्रिडवर काम करायचंय त्याने पहिल्या ठिकाणी जाऊन चार वर्षं पाहुण्यासारखी काढू नयेत. हे ओळखायला तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मागावं. माहितीपुस्तिका सगळ्यांच्या सारख्याच असतात, वेळापत्रकात काही लपवता येत नाही.

आणि तिसऱ्या वर्षातल्याच एखाद्या मुलाला किंवा मुलीला गाठावं. पहिल्या वर्षातल्यांना अजून काही माहीत नसतं आणि शेवटच्या वर्षातल्यांच्या डोक्यात नोकरी असते. त्यांना विचारावं, तुझा प्रयोग फसला तेव्हा कोण आलं होतं? नाव पटकन सांगितलं, तर ते ठिकाण जिवंत आहे.

क्लॉड शॅननचं उदाहरण मला नेहमी धीर देतं. मिशिगन विद्यापीठात त्याने १९३६ साली विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन्ही पदव्या घेतल्या. तिथेच तर्कशास्त्राच्या अभ्यासात त्याला बूलचं बीजगणित, म्हणजे खरं आणि खोटं या दोनच किमतींचं गणित, भेटलं. मग तो एमआयटीत गेला. तिथल्या डिफरन्शियल अॅनलायझर या मोठ्या यंत्राची देखभाल करताना त्याच्यासमोर रिलेंचं, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांचं, जाळं आलं. रिले एक तर बंद असतो किंवा उघडा. पहिल्या विद्यापीठात मिळालेलं बीजगणित त्याने दुसऱ्या विद्यापीठातल्या रिलेंना लावलं आणि १९३७ मध्ये जो प्रबंध लिहिला त्यावर आजची सगळी डिजिटल सर्किटं उभी आहेत. यांतल्या एकाच ठिकाणी राहिला असता तर ही दोन टोकं त्याच्या हातात एकत्र आली असती का, मला शंका आहे. एडिथ क्लार्कही आधी गणित आणि खगोलशास्त्र शिकली, मग टेलिफोन कंपनीत गणनेचं काम केलं, आणि १९१९ मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. थ्री फेजला दोन अक्षांवर आणणारं तिचं रूपांतर आज मोटर चालवणाऱ्या असंख्य कंट्रोलरमध्ये दर सेकंदाला हजारो वेळा चालतं. आणि जॅक किल्बीला तर हवं ते मिळालंच नाही. एमआयटीची प्रवेश परीक्षा थोडक्यात हुकली, तो इलिनॉयला गेला, १९४७ मध्ये पदवी घेतली आणि १९५८ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आजची चिप, तयार केलं. ज्यांच्यापुढे दोन दारं नसतात, एकच असतं, त्यांना मी ही गोष्ट सांगते.

यंदा माझी भाची त्याच वळणावर आहे. आणि योगायोगाने तीच दोन विद्यापीठं. तिने मला विचारलं, "मावशी, तू माझ्या जागी असतीस तर?" मी तिला माझा प्रश्न विचारला. तिने उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, ते मला फार आवडलं. मग म्हणाली, "सोल्डरिंग मी कुणी न सांगताही करते. आठवीपासून करतेय. मोटर ड्रायव्हर जळला की तो का जळला हे कळेपर्यंत मला झोप येत नाही. पण गणित समोर कुणी असलं तरच होतं माझ्याकडून. एकटी असले की मी पान उलटते."

म्हणजे टेकडीवर. माझ्या उलट. तिच्या आईला वाटलं मी तिला रुळांपलीकडे पाठवीन. मला एक काळजी आहे ती मी भाचीला बोलूनही दाखवली: तिचं घरचं सगळं काम पाच आणि बारा व्होल्टवरचं आहे. तिथे चूक झाली तर धूर येतो, शिट्टी वाजत नाही. मोठ्या मशीनचा धाक घरच्या टेबलावर कळत नाही. ती म्हणाली, "मग मला ते दिवे दाखव."

माझ्या बॅचची एक मैत्रीण आता तिथेच शिकवते. तिने परवानगी काढून दिली. काका केव्हाच निवृत्त झालेत. नव्या पॅनेलवर सिंक्रोस्कोप, म्हणजे दोन्ही बाजू किती जुळल्या ते दाखवणारं मीटर, आहे, त्याचा काटा फिरतो आणि वर आला की स्वयंचलित रिले स्वतःच ब्रेकर लावतो. पण लाकडी पाटी भिंतीवर तशीच आहे आणि दुसऱ्या वर्षाला अजून तिच्यावरूनच सुरुवात करतात. तिथल्या लॅब असिस्टंट ताईंनी भाचीच्या पायांतले बूट बघितले, तिला रबरी चटईवर उभं केलं आणि ट्यूब बंद केल्या. मोटरचं फील्ड हळूहळू कमीजास्त करत वेग जुळवत आणला. बल्ब आधी लुकलुकत होते, मग सावकाश झाले. पाच सेकंदांना एक फेरी, म्हणजे दोन्हीकडच्या वारंवारतेत ०.२ हर्ट्झचा फरक.

"अंधार झाला की लगेच लावायचा ना?" भाचीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "डोळ्यांना विझलेला दिसतो तेव्हाही बल्बवर थोडं व्होल्टेज असतं, फक्त तार तापून उजळण्याइतकं नसतं. शून्य अंधाराच्या मधोमध असतो."

"मग तो दिसणार कसा?"

"दिसत नाही. दोन उजेडांमधलं अंतर मोज आणि त्याच्या निम्म्यावर लाव."

ताई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पहिला अंधार तिने जाऊ दिला. दुसराही जाऊ दिला. बल्ब पुन्हा उजळले तेव्हा तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती, आणि दांड्यावरचा हात अजून सैल होता.